अनिच्छा आणि विवेक : लोकप्रिय कथनांच्या ओढीविषयी

१

लोकप्रिय कादंबऱ्या आणि दूरचित्रवाणीवरील मालिका यांविषयी वाङ्मयाचा अभ्यासक बोलू लागला, की त्याच्या बोलण्याला बहुधा एक कारणवाचक उपवाक्य जोडलेले असते. घरातली मंडळी पाहतात म्हणून आपणही बसलो. प्रवासात दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून रहस्यकथा उघडली. विद्यार्थी फार बोलतात म्हणून एक भाग पाहावा म्हटले. पुढे त्या एका भागाचे चाळीस भाग होतात, एका रहस्यकथेमागोमाग त्या लेखकाची मिळतील तेवढी पुस्तके वाचून होतात, तरी ते उपवाक्य जागचे हलत नाही. गुंतलो खरे, पण मनाविरुद्ध, असे त्याचे एकंदर म्हणणे असते.

या ‘मनाविरुद्ध’ शब्दाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. काशिनाथ बापूजी मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ १८७२ सालचा. तेव्हापासून मनोरंजन, नीती आणि वास्तव यांच्या परस्परसंबंधांची चर्चा मराठीत होत आली आहे. पण या चर्चेच्या केंद्रस्थानी बहुधा कृती असते, किंवा कृतीचा समाजावर होणारा परिणाम असतो. आपली बुद्धी ज्याला मान्यता देत नाही त्यात रमणाऱ्या वाचकाच्या मनःस्थितीचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. ही मनःस्थिती किरकोळ नाही. तिच्यात एक नैतिक दावा दडलेला आहे. ‘मी गुंतलो असलो तरी माझा विवेक शाबूत आहे, आणि माझी अनिच्छा हा त्याचा पुरावा आहे’, असा तो दावा. हा दावा टिकतो का?

२

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या चौथ्या खंडात लिऑन्टिअस नावाच्या माणसाची हकीकत येते. पिरीअसहून शहराकडे येत असताना त्याला तटाच्या भिंतीपाशी, वधकाजवळ पडलेली प्रेते दिसतात. पाहावे असेही त्याला वाटते आणि आपल्या या वाटण्याची किळसही येते. काही काळ तो तोंड झाकून स्वतःशी झगडतो; अखेर डोळे विस्फारून प्रेतांकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देत, घ्या एकदाचे पाहून, असे म्हणतो. माणसाचा संताप कधी कधी त्याच्या वासनेविरुद्ध उभा राहतो, हे दाखवण्यासाठी प्लेटोने ही हकीकत योजली आहे. आपल्या दृष्टीने तिच्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. लिऑन्टिअसच्या संतापाने त्याचे पाहणे थांबले नाही. पाहत असताना तोंडी असावेत असे शब्द तेवढे त्या संतापाने पुरवले.

संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’च्या सहाव्या खंडातील अलिपिअसची कथा आणखी बोलकी आहे. कायद्याच्या अध्ययनासाठी रोमला गेलेल्या या तरुणाला तलवारबाजांच्या प्राणघातक झुंजींचा तिटकारा होता. मित्र त्याला ओढून क्रीडागारात नेतात. शरीर तिथे नेलेत तरी माझे मन आणि डोळे तुम्हांला नेता येणार नाहीत, अशी त्याची भूमिका असते. तो डोळे मिटून बसतो. पण कान उघडेच राहतात. एका क्षणी जमावाची प्रचंड आरोळी उठते, कुतूहल अनावर होते, तो डोळे उघडतो आणि त्यानंतर त्याला ते मिटवत नाहीत. पुढे तर तो स्वतःच इतरांना तिकडे घेऊन जाऊ लागतो. ऑगस्टीनच्या मते अलिपिअसचे मन धाडसी होते, पण बळकट नव्हते. त्याचा सगळा भरवसा स्वतःवर होता आणि तोच त्याला नडला.

माणसांच्या कत्तलीचा खेळ आणि संध्याकाळची कौटुंबिक मालिका यांना नैतिकदृष्ट्या एका मापाने मोजण्याचा येथे उद्देश नाही. साम्य आहे ते इच्छेच्या रचनेत. अनिच्छा हेच आपले कवच आहे असे अलिपिअसने मानले, आणि त्यामुळे दुसरे कोणतेही कवच चढवण्याची गरज त्याला भासली नाही. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही हाच प्रश्न वेगळ्या अंगाने विचारतो. इच्छा नसताना, कुणीतरी बळेच जुंपल्यासारखा मनुष्य नको ते का करतो? कृष्णाच्या उत्तरात बाहेरच्या कुणाला दोष दिलेला नाही. जुंपणारे बळ आतलेच आहे, असे तो सांगतो.

३

मराठी भाषेने या अनुभवासाठी जे क्रियापद योजले आहे, तेही विचार करण्याजोगे आहे. आपल्याकडे नाद ‘लागतो’, चटक ‘लागते’, ओढ ‘लागते’. जशी भूक लागते, दृष्ट लागते. ‘त्याला नाद लागला’ या वाक्यात नाद कर्ता आहे. माणूस चतुर्थीत बसून जे येईल ते स्वीकारणारा आहे. पण याच भाषेत ‘तो नादी लागला’ असेही वाक्य आहे. घटना तीच; मात्र आता माणूस प्रथमेत आला आणि जबाबदारीही त्याच्याकडे आली. पहिले वाक्य आपण स्वतःविषयी वापरतो, दुसरे बहुधा शेजाऱ्याच्या मुलाविषयी. ‘मनाविरुद्ध गुंतलो’ असे म्हणणारा अभ्यासक स्वतःसाठी चतुर्थी राखून ठेवत असतो.

हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ च्या एका प्रसिद्ध निबंधात व्यसनी माणसांचे प्रकार कल्पिले आहेत, ते येथे उपयोगी पडतात. माणसाला नुसत्या इच्छा नसतात. आपल्या कोणत्या इच्छेने आपल्याकडून कृती घडवावी, याविषयीही इच्छा असतात. अनिच्छ व्यसनी माणसाला मादक द्रव्य हवे असते, पण त्या हवेपणाने आपल्याला चालवू नये असेही त्याला मनापासून वाटते. म्हणून ज्या बळाने आपण ओढले गेलो ते आपले नव्हेच, असे म्हणण्याचा काही अधिकार त्याला पोचतो. व्यसनात संतुष्ट असलेल्या माणसाला तो पोचत नाही.

मालिकेत ‘मनाविरुद्ध’ गुंतलेला आपला अभ्यासक यांपैकी कोणत्या वर्गात बसतो? वरवर पाहता पहिल्या. पण त्याचे वर्तन पाहिले तर शंका येते. जेवणाची वेळ तो मालिकेच्या वेळेप्रमाणे हलवतो, एखादा भाग चुकला तर दुसऱ्या दिवशी शोधून पाहतो, रहस्यकथेचा शेवट कुणी सांगू लागले तर कानांवर हात ठेवतो. अनिच्छ व्यसनी जसा झगडतो तसा झगडा येथे दिसत नाही. त्याची दुसऱ्या पातळीवरील इच्छा ‘ही ओढ थांबावी’ अशी नसते. ‘ही ओढ माझ्या नावावर मांडली जाऊ नये’ अशी असते. तिचा संबंध कृतीपेक्षा हिशेबाशी अधिक आहे.

४

अर्थात सर्व अनिच्छा अशी नसते. तिचे निदान तीन प्रकार वेगळे करता येतील.

पहिली अनिच्छा प्रसंगाची. तपासायच्या उत्तरपत्रिका पडून आहेत, घरात आजारी माणूस आहे, आणि तरी आपण वाचत बसलो आहोत. येथे आक्षेप कृतीवर नाही. हीच टोचणी एखाद्या अभिजात ग्रंथाच्या बाबतीतही लागू शकते.

दुसरी अनिच्छा प्रतिष्ठेची. अभिरुची ही सामाजिक स्थान दर्शवणारी आणि राखणारी गोष्ट आहे, हे प्येर बूर्द्यू यांनी १९७९ च्या ‘ला दिस्तांक्सिआँ’ या ग्रंथात सविस्तर मांडले. आपण काय वाचतो यापेक्षा काय वाचत नाही यावरून आपली पायरी ठरते, आणि चुकून खालच्या पायरीवर पाय पडलाच तर तो चुकून पडला हे जाहीर करावे लागते. डच अभ्यासक ईएन आंग यांनी ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेविषयीच्या अभ्यासासाठी एका स्त्रियांच्या मासिकात जाहिरात देऊन प्रेक्षकांचे अनुभव मागवले. त्यांना ४२ पत्रे आली आणि त्यांवर आधारलेले पुस्तक १९८२ मध्ये डच भाषेत, १९८५ मध्ये इंग्रजीत निघाले. मालिका आवडते असे लिहिणाऱ्या अनेकांना या आवडीचे समर्थन करण्याची निकड भासत होती, तर काही जण आपण ती केवळ हसण्यासाठी पाहतो असे सांगत होते. हे उपरोधाने पाहणे म्हणजे प्रतिष्ठेच्या अनिच्छेचेच अधिक सुसंस्कृत रूप होय.

तिसरी अनिच्छा विवेकाची. या कृतीत माणसांविषयी काही खोटे सांगितले जात आहे, किंवा माझ्यातल्या हलक्या वृत्तीला हाताशी धरले जात आहे, अशा जाणिवेतून ती येते.

दुसरी आणि तिसरी बाहेरून सारख्याच दिसतात. त्या ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. विवेकाच्या अनिच्छेला कृतीविषयी बोलता येते. अमुक प्रसंगात, अमुक पात्राच्या वागण्यात, अमुक उकलीत काय खटकले हे ती दाखवू शकते. प्रतिष्ठेची अनिच्छा केवळ वर्गनामे उच्चारते : ‘मालिकाच ती’, ‘रहस्यकथाच शेवटी’. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे महाराष्ट्रातल्या कितीतरी वाचकांच्या बालपणाचा भाग होती. त्यांच्या लेखनाविषयी ‘हजार’ या आकड्यापलीकडे ज्यांना काही सांगता येत नाही, त्यांची नापसंती कोणत्या जातीची आहे, हे वेगळे सांगायला नको.

लेखकही या दुसऱ्या प्रकारातून सुटत नाहीत. शेरलॉक होम्समुळे आपण अधिक मोलाच्या लेखनापासून दूर राहतो, अशी आर्थर कॉनन डॉइल यांची तक्रार होती. डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी होम्सचा अंत घडवला. पण १९०१ मध्ये ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’साठी त्यांना पुन्हा होम्सकडे वळावे लागले आणि १९०३ मध्ये त्याला रीतसर जिवंत करावे लागले. ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर त्यांचा जीव होता, त्यांचे वाचक आज तुलनेने थोडे आहेत. लोकप्रियतेने लेखकाला हरवले, असा याचा अर्थ लावण्याची घाई नको. डॉइल यांची नाराजी लेखनप्रकारांच्या उतरंडीवर बेतलेली होती, आणि आपण होम्सकथांत नेमके काय साधले आहे हे पाहण्याच्या आड ती आली असावी, एवढेच येथे सुचवायचे आहे. अनिच्छा हा विवेक नव्हे. ती निर्मात्याची असली तरी नव्हे.

५

प्रतिष्ठेची अनिच्छा निरुपद्रवी असती, तर तिला थोडे हसून सोडून देता आले असते. पण तिची नैतिक किंमत मोजावी लागते. जे आपले म्हणून मान्य केलेले नाही, त्याची तपासणी होत नाही.

‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ या काळात चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. जाहिराती वगळून प्रत्येक भागात वीस मिनिटांची कथा धरली, तरी हा ऐवज हजार तासांचा होतो. इतका दीर्घ सहवास देणारे कथन ग्रंथरूपात सहसा आढळत नाही. एकूणच दैनंदिन कौटुंबिक मालिकांत कुटुंबातील संघर्ष पुन्हा पुन्हा एखाद्या स्त्रीच्या दुष्टपणातून उद्भवताना दिसतो. संपत्ती कुणाच्या नावावर आहे, निर्णय कोण घेतो, घरातले कष्ट कुणाच्या वाट्याला येतात हे व्यवस्थेचे प्रश्न असतात. मालिकेत ते स्वभावाचे प्रश्न होतात. कारस्थान उघडे पडले, की घर पुन्हा निर्मळ होते. घराची घडी मात्र होती तशीच राहते.

उपरोधाने पाहणारा अभ्यासक हे पाहत नाही. झोपतानाही अंगावर असलेले दागिने, तीन दिशांनी तीनदा दाखवलेला तोच चेहरा, वर्षानुवर्षे न संपणारे गैरसमज यांना तो हसतो. त्याचे हसणे बरोबर असते. पण ते वेष्टनावर खर्च होते आणि आतली नीतिव्यवस्था न तपासताच पुढे जाते. अलिपिअसचे डोळे मिटलेले होते, कान उघडे होते. आपल्या अभ्यासकाचे रसिक मन मिटलेले असते; पण चांगली बाई कोणती आणि वाईट कोणती, याविषयीचे त्याचे कान उघडेच राहतात.

याउलट जी गृहिणी ही मालिका उघडपणे आवडीने पाहते, ती दुसऱ्या दिवशी शेजारणीशी तिच्यावर भांडते. सुनेने गप्प बसायला नको होते. सासूचेही काही चुकत नव्हते. मुलाने बायकोची बाजू घ्यायला हवी होती. या वादाला समीक्षेची परिभाषा नसेल, पण तो नैतिक निर्णयांचा वाद आहे आणि त्यात कृतीला उत्तर दिले जात आहे. जिने आवड मान्य केली तिला नावडही बोलून दाखवता येते. ज्याने आवडच नाकारली, त्याने आपला वेळ तर दिला, पण निर्णय हातचा राखला. वाचनव्यवहारात अप्रामाणिकपणा कशाला म्हणावे, असे विचारले तर मी याकडे बोट दाखवीन.

६

यावर एक सोपे उत्तर सुचवले जाते : संकोच सोडून द्यावा, आवडते ते आवडते म्हणावे, उच्च आणि नीच हे भेदच मानू नयेत. हे उत्तर मला मान्य नाही. प्रतिष्ठेची अनिच्छा गेली म्हणून विवेक आपोआप येत नाही. दोन्ही एकदमही जाऊ शकतात. ‘आवडते’ हे विधान विचाराचा आरंभ करू शकते. तेच अखेरचे मानले, तर ‘मालिकाच ती’ या शेऱ्याइतकेच ते बंदिस्त होते.

येथे संस्कृत काव्यशास्त्राचा आधार घेता येईल. अभिनवगुप्ताने तन्मय होण्याला दोष मानलेले नाही. त्याच्या विवेचनात तन्मयीभवन ही सहृदयाची योग्यता आहे. रसास्वादात येणारी जी सात विघ्ने तो सांगतो, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. स्वतःच्या सुखदुःखांनी व्यापलेल्या प्रेक्षकाला समोरच्या नाट्याकडे चित्त देता येत नाही, असा त्याचा आशय. आपल्या प्रतिष्ठेची सतत काळजी वाहणारा वाचक हाही, थोडा अर्थविस्तार करून, याच विघ्नाने ग्रासलेला म्हणता येईल. तो पुस्तक वाचत असतो त्याहून अधिक, पुस्तक वाचणाऱ्या स्वतःला पाहत असतो. म्हणजे गुंतणे हा दोष नव्हे. गुंतल्यावर चित्त कशावर आहे, हा प्रश्न आहे.

मराठी कादंबरीच्या इतिहासात याचा एक ठळक दाखला आहे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ज्या साप्ताहिकातून क्रमशः आली, त्याचे नाव ‘करमणूक’ असे होते. ‘पुढे काय?’ ही हुरहूर त्या वाचकालाही असणार. आठवड्याच्या आठवड्याला कथा तोडण्यात हेच बळ कामाला येते. यमूने स्वतः सांगितलेली ही हकीकत वाचकाच्या कुतूहलाला अव्हेरत नाही. ते कुतूहल एका विधवेच्या वाट्याला येणाऱ्या छळापर्यंत नेते आणि तिथे शीर्षकातला प्रश्न वाचकाला विचारते. ओढले जाणे वाचकाच्या हातात नव्हते; लक्षात घेणे होते. लोकप्रिय कथनाचे मूल्यमापन येथून सुरू करता येईल. ते ओढ लावते का, हा प्रश्न गौण. लावलेली ओढ ते कुठे नेऊन सोडते आणि तिथे लक्ष देण्याजोगे काही आहे का, हा खरा प्रश्न.

त्या साप्ताहिकाच्या वाचकाला आणखी एक गोष्ट लाभलेली होती : दोन अंकांमधला आठवडा. त्या अवधीत तो चर्चा करी, रागावे, कदाचित पुढचा अंक न वाचण्याचे ठरवी. आज ओटीटी मंचांवर एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो. पूर्वी पुढे वाचण्यासाठी काही करावे लागे. आता थांबण्यासाठी करावे लागते. विवेकाला बोलण्यासाठी जी फट हवी, तीच बुजवली गेली आहे. अशा वेळी नुसत्या नाखुशीवर विसंबणे म्हणजे अलिपिअसप्रमाणे मिटल्या डोळ्यांवर विसंबणे होय. ती फट आता वाचक-प्रेक्षकाला स्वतःच निर्माण करावी लागेल. भाग संपल्यावर दूरचित्रवाणी बंद करून, आपण आत्ता काय पाहिले हे कुणाशी तरी बोलून.

७

हा प्रश्न केवळ खाजगी अभिरुचीचा नाही. तो अध्यापनाचा आहे. मराठी विभागांत पदव्युत्तर वर्गात येणारे अनेक विद्यार्थी वाचनाकडे अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्या वाटेने आलेले असतात. काहींच्या घरात पुस्तके नव्हती. कथेची पहिली भूक दूरचित्रवाणीने भागवली. हे विद्यार्थी वर्गात सर्वांत आधी काय शिकतात? आशयद्रव्य, निवेदनतंत्र, जाणीव हे शब्द पुढे येतात. त्याआधी ते आपल्या आवडीची वाच्यता करू नये हे शिकतात. ‘तुमचा आवडता लेखक कोण?’ या प्रश्नाला अपेक्षित नाव देण्याची कला त्यांना पहिल्या सत्रातच साधते. आम्ही याला अभिरुचीचा विकास म्हणतो. वस्तुतः समीक्षेऐवजी संकोच शिकवला गेलेला असतो.

याची हानी दुहेरी आहे. ज्या पुस्तकांनी त्यांना खरोखर हलवले, त्यांची चिकित्सा करण्याची साधने त्यांना मिळत नाहीत. आणि ज्यांची चिकित्सा ते करतात, त्या पुस्तकांनी त्यांना हलवलेले असेलच असे नाही. अनुभव एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे अशी फाळणी झाली, की समीक्षा हा उताऱ्यांच्या जुळवाजुळवीचा व्यवसाय बनतो. शिरवळकरांची कादंबरी रात्री जागून वाचलेल्या विद्यार्थ्याला ती कुठे खरी वाटली, कुठे तिने त्याला फसवले आणि फसवले जात असताना त्याला ते का आवडले, हे लिहायला लावणे अभ्यासक्रमाबाहेरचे काम नव्हे. आस्वाद आणि विवेक एकाच मनात राहू शकतात, याचा प्रत्यय देणारे ते काम आहे. असा विद्यार्थी उद्या ‘कोसला’कडे अधिक निर्भयपणे जाईल, आणि तिथेही न आवडलेले ‘आवडले’ म्हणण्याची सक्ती त्याला वाटणार नाही.

लोकप्रिय कथनांत आपण गुंततो, पुढेही गुंतू. त्यासाठी क्षमायाचना करण्याचे कारण नाही आणि मिरवण्याचेही नाही. जे वाचले, ते वाचले असे म्हणावे. ते आवडले असेल तर आवडीची कारणे द्यावीत. खटकले असेल तर कुठे, ते दाखवावे. समीक्षकाकडून एवढीच अपेक्षा आपण अभिजात ग्रंथाच्या बाबतीत करतो. मालिकेच्या बाबतीत ती माफ करण्याचे कोणतेही कारण दिसत नाही.